साक्षीची दुरुस्ती

मी एक चुकीची बातमी दिली. वर्तमानपत्रात नव्हे, चर्चमध्ये. ती माझ्याच शरीराविषयी होती, तिला दुसरा कुठलाही आधार नव्हता, आणि ती छापूनही आली. हे लिखाण त्या बातमीविषयी आहे. मणक्याचा क्षय किंवा महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं असा कुठलाही आजार ज्यांना झाला आहे, त्यांच्यासाठी ते आहे. ज्यांच्या घरी प्रार्थना करायला माणसं येतात, त्यांनी तर ते वाचावंच.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. १९९७ साली आजार सुरू झाला तेव्हा वय चौतीस. घरात आई, पत्नी सरोज आणि मी. आई निवृत्त परिचारिका. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेली. सरोज प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझा स्वतःचा विश्वास रविवारपुरता होता आणि त्यातले काही रविवार सुट्टीचे असत.

पाठदुखी

पाठ दुखायला लागली मार्चमध्ये. निदान झालं सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात एका डॉक्टरांनी मला खुर्ची बदलायला सांगितली आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. तीन वेळा गेलो, तीनही वेळा त्यांनी पाठीला हात न लावता चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या वेळी म्हणाले, तुम्हा पत्रकारांना टेन्शन फार.

मग कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मला तालमीत नेलं. कोल्हापुरात हाडं-सांध्यांचं दुखणं तालमीतल्या वस्तादांकडे नेण्याची पद्धत आहे, आणि बहुतेकांना गुणही येतो. वस्तादांनी तेल चोळलं, पालथं निजवून कण्यावर गुडघा दिला. म्हणाले, "दोन दिसांत घोड्यागत पळशीला." दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि गेल्या नाहीत. त्यांनी गुडघा दिला तिथला मणका आतून पोखरलेला होता, हे नंतर कळलं. वस्ताद दवाखान्यात आले, पायथ्याशी उभे राहिले आणि माझी माफी मागितली. खुर्ची बदलायला सांगणारे डॉक्टर आले नाहीत.

निदानाच्या दिवशी तरुण डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर लावला आणि बरोबर कोण आहे असं विचारलं. सरोज होती. त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं: मणक्याचा टीबी आहे, बरा होतो, अठरा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. मी सवयीने वही काढून लिहून घेतलं. अठरा महिने. एक दिवसही नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे आपल्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मी घरी परत गेलो नाही. सकाळी अकरा वाजता चालत आत गेलो होतो, त्यानंतर सव्वातीन महिने चाललो नाही.

उताणं

उताणं पडलेल्या माणसाला दवाखान्यातली माणसं हनुवटीकडून दिसतात. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला स्पंज, सातला चहा, तोही नळीने. नऊला कमरेत इंजेक्शन. दहाला डॉक्टरांची फेरी. त्यातलं माझ्या वाट्याला दीड मिनिट; मी मोजत असे. बेडपॅनबद्दल कोणी लिहीत नाही. मीही फार लिहिणार नाही. चौतीस वर्षांच्या माणसाने आईसमोर कंबर उचलायची आणि तीही उचलता येत नाही, एवढं पुरे.

कचेरीतून रोज अंक यायचा. मी त्यातल्या चुका पेन्सिलने खुणावायचो आणि सरोजच्या हाती परत पाठवायचो. सुरुवातीला सहकाऱ्यांना गंमत वाटली. नंतर निरोप आला की जरा विश्रांती घ्या.

नातेवाईक येत. टीबी म्हटल्यावर खुर्ची दोन फूट मागे सरकवत. हा हाडातला आहे, खोकल्यातून पसरत नाही, हे आई प्रत्येकाला सांगायची. ते मान डोलवायचे आणि चहा नको म्हणायचे. माझ्या मामेभावाने सरोजला बाजूला घेऊन विचारलं की लग्नाआधी हे माहीत होतं का. ती शांतपणे म्हणाली, "नव्हतं. तुमच्याबद्दल पण बरंच माहीत नव्हतं."

डिसेंबरात मला प्लास्टरच्या जाकिटात घरी आणलं. फेब्रुवारीपर्यंत दुखणं जवळजवळ गेलं. मी भिंत धरून खोलीभर चालू लागलो. औषध काम करत होतं. हे वाक्य मी आज लिहू शकतो.

गोळी आणि साक्ष

आई पहाटे उठून माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि आठच्या ठोक्याला गोळ्या द्यायची. तिला या दोन गोष्टींत काही विसंगती दिसत नव्हती. विसंगती मला दिसली.

मार्चमध्ये आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, तीन दिवसांच्या आरोग्यसभा ठेवल्या, आजारी माणसांवर हात ठेवून प्रार्थना करण्याच्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. मी जाऊ शकत नव्हतो म्हणून आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्यांना घरी घेऊन आले. उपदेशकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. त्यांचा हात गरम होता. मला रडू आलं, आणि उठून बसल्यावर महिनाभरात वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. हे मी नाकारत नाही. ते म्हणाले, "बंधू, तू बरा झाला आहेस. आता फक्त मान्य कर." जाताना पाळकसाहेबांनी विचारलं, पुनरुत्थानदिनाला, म्हणजे ईस्टरच्या रविवारी, साक्ष द्याल का. आमच्याकडे साक्ष देणं म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गोळ्या बंद कर असं मला कोणीही सांगितलं नाही. उपदेशकांनी नाही, पाळकसाहेबांनीही नाही. ते माझं डोकं.

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या खोट्या शब्दांवर काट मारत आलो होतो. 'बरा झालो' असं शंभर माणसांसमोर म्हणायचं आणि खिशात गोळ्यांची पुडी ठेवायची, हे मला जमेना. दोन्हींपैकी एक काढायला हवं होतं. मी साक्ष काढून टाकायला हवी होती. मी गोळ्या काढल्या.

आईने आठ वाजता गोळ्या पुढे केल्या तेव्हा मी नको म्हणालो आणि कारण सांगितलं. ती म्हणाली, "देवानं बरं केलं असेल तर गोळीनं काय बिघडतंय?"

"मग मी साक्षीत काय सांगू? बरा झालोय, पण औषध चालू आहे?"

"तेच सांग."

"त्याला साक्ष म्हणत नाहीत, आई."

ती हातात वाटी घेऊन उभी राहिली. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. रोग्याशी वाद घालायचा नाही हे तिला माहीत होतं आणि मुलाशी घालायचा हेही. तिने चार दिवस वाद घातला. मी तिला अविश्वासू म्हणालो. ज्या माणसाचा स्वतःचा विश्वास दीड आठवड्याचा होता, त्याने हे तिला म्हटलं.

त्या वर्षीच्या पुनरुत्थानदिनाला मी साक्ष दिली. चांगली दिली. वाक्यं छोटी होती, आवाज चढवला नाही, आणि लोक रडले. मंडळीच्या मासिकात ती पुढच्या महिन्यात चौकटीत छापून आली. मुद्रितं मीच तपासली. एकही चूक नव्हती.

जुलै

जुलैत एका सकाळी मोरीकडे जाताना उजवा पाय मागे राहिला. पुढे गेलो तो मी एकटा, पाय तिथेच. पडलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय बेंबीपासून खाली परके झाले होते.

तरुण डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या. मी तारीख सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले की आता आधीची औषधं पुरी पडतील याची खात्री नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि पाय परत येतील असं ते मला सांगू शकत नाहीत.

शस्त्रक्रिया झाली. मी पुन्हा उताणा, उशीशिवाय, मान न हलवता. पायांवर चादरीचा भार नको म्हणून लोखंडी कमान ठेवली होती आणि तिच्यावर चादर. कमानीपलीकडचं मला काहीच दिसत नसे. डॉक्टर रोज म्हणत, डोळे मिटा, अंगठा वर आहे की खाली ते सांगा. मी सांगायचो. निम्मं चुकायचं. एकदा ते म्हणाले, "अंदाजानं सांगू नका. कळत नसेल तर कळत नाही म्हणा." मला हे कोणीतरी मार्चमध्ये सांगायला हवं होतं.

मंडळीतून माणसं आली. एक वडीलधारे गृहस्थ मोसंबी घेऊन आले आणि म्हणाले की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, स्वतःला तपासून पाहा. मी त्यांना मोसंबी घेऊन जायला सांगितलं. ते खरंच घेऊन गेले.

आई रोज दुपारी यायची. मला भरवायची, तोंड पुसायची आणि एक शब्द बोलायची नाही. सरोजशी बोलायची, नर्सशी बोलायची, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी बोलायची. माझ्याशी नाही. भरवून झालं की तिची पावलं माझ्या उशाजवळून दूर जायची. ती व्हरांड्यात जाऊन बसत असेल असं मी धरून चाललो होतो. अकरा दिवस असं चाललं. मी मोजले, कारण मोजण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं.

इराप्पाण्णा

शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरचे इराप्पाण्णा होते. गुळाचे व्यापारी, वय सत्तरीच्या पुढे, खुब्याचं हाड मोडलेलं. घरच्यांशी कानडीत भांडायचे आणि माझ्याशी मराठीत. लिंगायत, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग. शस्त्रक्रियेच्या वेळी ते काढून ठेवा म्हटल्यावर त्यांनी शस्त्रक्रियाच नको म्हणून सांगितलं होतं. शेवटी डॉक्टरांनी ते दंडाला बांधू दिलं. रोज सकाळी ते पडल्यापडल्या लिंग तळहातावर घेऊन पूजा करत, आणि मग दिवसभर माझी चौकशी.

माझी सगळी हकिकत त्यांनी दोन दिवसांत काढून घेतली. साक्षीचं तर पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "पावणं, एक इचारू का? राग मानू नगा."

मी म्हणालो विचारा.

"तुमचा देव मेला आन्‌ तिसऱ्या दिशी उठला म्हंतासा. बरं, उठला. मग आता हाय कुठं?"

मी म्हणालो, वर.

"वर म्हंजी? ह्या पंख्याच्या वर?" त्यांनी करंडा वाजवला. "माजा हितं हाय बगा. माज्यासंगट पडला, माज्यासंगट दवाखान्यात आला. तुमचा ऐन टायमाला गेला कुठं?"

त्यांना चेष्टा करायची नव्हती. आमच्या कचेरीत नवा वार्ताहर आला की त्याला मी पहिल्या दिवशी शिकवायचो की बातमीत कुठे, केव्हा, कोणी पाहिलं हे आलंच पाहिजे. त्यांचा प्रश्न त्यातला पहिलाच होता. मला संताप आला, पण त्यांचा नाही. ज्याच्यासाठी मी पाय घालवून बसलो होतो, तो कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मी मनात ख्रिस्ताला जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी भरवून झाल्यावर आईची पावलं दूर गेली. थोड्या वेळाने मी इराप्पाण्णांना म्हणालो की म्हातारी रागात आहे, बाहेर जाऊन बसते.

"बाहीर?" ते म्हणाले. "कोन म्हणलं? तुमचं पाय धरून बसल्यात की त्या. हितंच."

मला वाटलं ते थट्टा करतायत.

"रोज बसत्यात. तासभर. अंगठं चोळत्यात, तोंडानं कायतरी पुटपुटत्यात. तुमाला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. कमानीमुळे दिसत नव्हतं आणि पायांना कळत नव्हतं. मी आईला हाक मारली. कमानीपलीकडून ओ आली, खाटेपासून दूर नव्हे, अगदी पायथ्यातून.

"तू इथे बसतेस रोज?"

"मग काय सोडून जाऊ तुला?"

अकरा दिवसांनंतरचे ते तिचे पहिले शब्द. आवाजात राग होता. हात सुटला नव्हता, असं इराप्पाण्णांनी मला नंतर सांगितलं.

जे लिहिता येतं तेवढंच

यापुढचं लिहिताना मी काळजी घेणार आहे. मला दृष्टांत झाला नाही. प्रकाश दिसला नाही. पाय हलले नाहीत.

आई गेल्यावर मी छताकडे बघत ख्रिस्ताशी बोललो. अंदाजे असं: तू इथे असशील तर मला जाणवत नाहीस, आणि याबद्दल माझी तक्रार आहे. पण तू इथे नाहीस असं मी आता म्हणणार नाही. मला जाणवत नाही, एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. आजच मी ते पाहिलं.

त्या दुपारी मला झोप लागली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा, औषधाशिवाय.

मी रागावणं थांबवलं नाही. सकाळी इंजेक्शनची वाट बघताना मी त्याला विचारायचो की ती साक्ष द्यायचं मला सुचलं तेव्हा तू का अडवलं नाहीस, आणि लगेच आठवायचं की वाटी घेऊन चार दिवस समोर कोण उभं होतं. अशा एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ बोलतोय आणि एकटा नाही. थडग्यातून उठलेला तो, वर कुठे नव्हे, त्या वॉर्डात, इंजेक्शनच्या वासात होता. ही भावना नव्हती. भावना माझ्या तासातासाला बदलत. ही गोष्ट बदलली नाही. पुढे घरी आल्यावरही नाही, आज हे लिहितानाही नाही. यापेक्षा जास्त लिहिलं तर ती अतिशयोक्ती होईल.

इराप्पाण्णांना घरी सोडलं त्या दिवशी मी त्यांना म्हणालो की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, इथेच आहे तो. त्यांनी मान हलवली. "आसंल की. न्हाय कुठं म्हणलं मी? तुमीच वर बगत हुतासा."

सप्टेंबरमध्ये डाव्या अंगठ्याला कळलं. वर. बरोबर होतं.

पाळकसाहेब

नोव्हेंबरमध्ये पाळकसाहेब घरी आले. बारीक अंगाचे, जुन्या स्कूटरवर फिरणारे सज्जन गृहस्थ. दवाखान्यात ते एक दिवसाआड येत होते, हे सांगितलंच पाहिजे. मी त्यांना म्हणालो की मासिकात दुरुस्ती छापा. साक्ष चुकीची होती, औषध बंद केल्यामुळे आजार उलटला, कोणी तसं करू नये. चार ओळी.

ते म्हणाले, "आनंदभाऊ, नव्या विश्वासातले लोक अडखळतील."

"खोट्यावर उभे असतील तर अडखळू देत."

"झालं ते झालं. छापलेलं मागं घेता येत नाही."

"पाळकसाहेब, माझं कामच ते आहे. रोज घेतो."

ते चहा पीत राहिले. म्हणाले, लोकांना उठलेला ख्रिस्त सांगायचा तर विजय सांगायला हवा. मग मी आवाज चढवला. शुभवर्तमान त्यांच्याच पिशवीत होतं. मी म्हणालो, तुम्हीच वाचता दरवर्षी. दारं बंद केलेल्या खोलीत तो आला आणि त्याने काय केलं? हात दाखवले. खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. मरणातून उठलेला माणूस, आणि जखमा घेऊन उभा. त्या भरून आल्याचं कोणी लिहिलेलं नाही. त्याने लपवल्या नाहीत, आणि तुम्ही मला माझ्या लपवायला सांगताय.

त्यांनी कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. दुरुस्ती डिसेंबरच्या अंकात आली नाही, जानेवारीच्याही नाही. मी दर महिन्याला अंक उघडून पाहिला आणि दर महिन्याला नव्याने संतापलो. ती साक्ष कोणी वाचली असेल, कोणी मानली असेल, हे मला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी फोन येतात. इथे कोणाचाही फोन आला नव्हता. त्याचीच मला भीती वाटत होती.

दफनभूमीत

पुनरुत्थानदिनाची उपासना आम्ही पहाटे दफनभूमीत करतो. आदल्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या माणसांची थडगी धुऊन चुना देतं. मग उजाडताना फुलं, मेणबत्त्या, आणि थडग्यांच्या मधल्या वाटांवर सतरंज्या. पाळक म्हणतात, ख्रिस्त उठला आहे. सगळे म्हणतात, खरोखर उठला आहे. मग साक्षींची वेळ. ती कोणालाही खुली असते. नाव आधी द्यावं लागत नाही.

१९९९ सालच्या त्या सकाळी मी काठी घेऊन उभा राहिलो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि थांबवलं नाही.

मी म्हणालो: "मागच्या वर्षी मी साक्ष दिली की मी बरा झालो. ती चूक होती. ती खरी ठरावी म्हणून मी गोळ्या बंद केल्या. आजार परत आला, पाय गेले, अर्धे परत मिळाले. मी रोज गोळ्या घेतो, अजून वर्षभर घेईन. विश्वास कमी होता म्हणून आजार परत आला नाही, औषध बंद केलं म्हणून आला. ख्रिस्त उठला आहे. मी पडून होतो तेव्हा तो माझ्याबरोबर होता, हे मला माहीत आहे. कृपया मागची साक्ष रद्द समजावी."

कोणी आमेन म्हटलं नाही. सरोज समोर बघत बसली होती. आईने पदराने चष्मा पुसला आणि परत लावला. मग कोणीतरी गीत सुरू केलं, बहुधा शांतता बुजवायला.

उपासना संपल्यावर एक माणूस माझ्यामागून आला. गगनबावड्याकडच्या एका गावातला, साखर कारखान्यात कामाला. नाव यशवंत. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी, कपाळावर जुनी खोक. त्याने टोपी हातात घेतली होती.

"सायेब, तुमची साक्ष आमी मासिकात वाचलीती. कापून भित्तीला लावलीया." तो थांबला. "हिला फिटा येत्यात. तुमचं वाचून हिच्या गोळ्या आमी तवाच बंद केल्या."

मी विचारलं, आता येतात?

"येत्यात की. आठवड्यातनं दोन डाव. चुलीवर पडलीती एकदा. आमाला वाटलं, आमचाच इस्वास कमी पडतोय." त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "मग आता हिच्यासाठी प्रार्थना करायची का न्हाय?"

मी एका थडग्याच्या कडेला बसलो. चुना ओला होता. त्याला म्हणालो, करायची, आणि गोळ्याही द्यायच्या. आणि त्याची माफी मागितली. ती त्याला कळली नाही. सायबानं माफी का मागायची, असं तो म्हणाला, तेव्हा मला राग आला, आणि तो राग मी अजून जवळ ठेवला आहे. तो माझ्यावरचा आहे.

मी आजवर दुसऱ्या कोणासाठी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून केली. तीन वाक्यं. तू हिच्याबरोबर आहेस हे मला माहीत आहे. ही चुलीवर पडली तेव्हाही होतास. मला क्षमा कर. बोलताना माझा आवाज स्थिर होता, आणि मनात संताप असूनही शांती होती, दवाखान्यातल्या त्या दुपारइतकीच.

तोवर आई आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली की मनाने काही सुरू करू नका, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आत्ताच जाऊ, रविवार असला तरी ते घरी असतात. मग यशवंतला विचारलं, गोळी कुठली होती, किती वेळा. त्याला आठवेना. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कागद पावसात भिजला होता. तो डोकं खाजवत राहिला.

मुलगी म्हणाली, "पांढरी. सकाळची अर्धी, संध्याकाळची अख्खी. कडू."

तिला सगळं आठवत होतं. वर्षभर तिला कोणी विचारलं नव्हतं.